दादाची दुसरी कविता

आमच्या घरात दहा वर्षं प्रतिभा मुक्कामाला होती. ती आतल्या खोलीत राहायची. तिला स्टोव्हची भरभर सहन होत नसे, फोडणीचा ठसका चालत नसे, आणि दुपारी कुणी मोठ्यानं हसलं तर ती रुसून निघून जाई म्हणे. मी तिला कधी पाहिलं नाही. तिच्या नावानं येणाऱ्या पाहुण्यांच्या कपबशा मात्र मी ढिगानं विसळल्या. तेव्हा तिच्याबद्दल चार शब्द बोलायचा मला हक्क आहे, असं मी धरून चालते.

ज्याच्या अंगी ही बया आली असं ठरलं, तो माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणते. आणि हे ज्यांनी ठरवलं ते नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवणारे प्राध्यापक. त्यांना सगळं शहर सर म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणायचो. प्रतिभा कशी अवतरली याची एक गोष्ट सरांनी पुढं अनेक व्यासपीठांवर सांगितली. ती ऐकून लोक डोळे पुसायचे. ती गोष्ट घडली तेव्हा मी दादापासून हातभर अंतरावर बसले होते आणि माझ्या हातात हातोडी होती. त्यामुळं मला डोळे पुसायची कधी गरज पडली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमचं अख्खं घर चाकूरकडच्या एका रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. आबा, माय, दादा आणि मी. दादा मॅट्रिकच्या वर्गातून उठून आला होता, मी सातवीतून. डोक्यावर ओलं फडकं टाकावं तर पाणी नव्हतं, म्हणून कोरडंच टाकायचो. दुपारी सरकारी सुकडीचा गोड भुगा मिळायचा. संध्याकाळी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर, ती घशाखाली उतरायला तयार नसे. याचं रडगाणं मला गायचं नाही. तेव्हा सगळा मुलूखच खडी फोडत होता.

दादाला हातोडीच्या ठोक्यावर काहीतरी पुटपुटायची सवय होती. आधी नुसतं हूं हूं, मग एखादा शब्द, मग ओळ. त्या उन्हाळ्यात तो एकाच गोष्टीमागं लागला होता. 'खडी फोडून रस्ता केला, रस्ता कुठं जातो?' ही ओळ त्याला लवकर सापडली. दुसरीनं त्याचा जीव खाल्ला. आधी 'ज्याच्या दारात घोडं हाय त्याच्या गावा जातो' असं होतं. मग घोड्याची गाडी झाली. गाडी बरेच दिवस टिकली, आणि मला ती आवडलीही होती. एक दिवस तो हातोडी थांबवून मला म्हणाला, "गाडीचा राग येत न्हाई गं. गाडी कुणाची हाय, ठावंच न्हाई. राग वहाणेचा येतो. मुकादमाच्या पायात रोज दिसती."

आमचे पाय अनवाणी होते आणि खाली दगड तापलेले होते. त्या दिवशी गाडी गेली आणि वहाण आली.

खडी फोडून रस्ता केला, रस्ता कुठं जातो?
ज्याच्या पायात वहाण हाय त्याच्या गावा जातो.

पुढची कडवीही अशीच झाली. एक शब्द घ्यायचा, ठोकून बघायचा, बसला नाही तर फेकून द्यायचा. रात्री भाकरी खाताना तो मला विचारायचा, "सकाळचं बरं होतं का दुपारचं?" मला काय कळत होतं? पण मी ठामपणे काहीतरी सांगायची आणि तो बरोबर त्याच्या उलट करायचा.

मग सर आले, कॉलेजच्या पोरांचं श्रमदान शिबिर घेऊन. पोरांच्या हातात नवी कोरी घमेली होती आणि ती कशी धरायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. नेमकी त्याच दिवशी सुकडीची गाडी आली नाही आणि दादाला भोवळ आली. तो बसल्या जागी आडवा झाला. मायनं घागरीच्या तळचं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. सर धावत आले, मागं पोरं आली. दादानं डोळे उघडले, भोवती एवढी माणसं पाहिली, आणि इतके दिवस तोंडात घोळत होतं तेच बाहेर पडलं. सगळी कविता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुठंही न अडखळता.

सर खाली बसले. अक्षरशः दगडांवर, पांढऱ्या धोतरानिशी. "ऐकलंत?" ते पोरांना म्हणाले. "ही अशी येते! माणसाची शुद्ध हरपते तेव्हा शब्द शुद्धीवर येतात!" पोरांपैकी एकानं हे वाक्य लगेच टिपून घेतलं.

मी म्हणाले, "लई दिवसांपासून जुळवून राहिलाय तो. आधी गाडी होती, मग..."

"बाळ, तू जरा गप्प बस," सर म्हणाले.

मराठी साहित्याबाबत मला मिळालेली ही पहिली सूचना. पुढं तशा बऱ्याच मिळाल्या.

सरांनी ती कविता एका मासिकात छापून आणली. वर कवितेपेक्षा लांब टिपण. त्यात ऊन होतं, भूक होती, मूर्च्छा होती आणि 'निरक्षर श्रमिकांच्या वस्तीत' असे शब्द होते. दादा मॅट्रिकला बसणार होता हे सरांना माहीत होतं, पण मॅट्रिकमुळं मूर्च्छेची शोभा जाते. कविता गाजली. सरांनी आबांना कॉलेजात शिपायाची जागा मिळवून दिली, मॅट्रिक झाल्यावर दादाला तिथंच प्रवेश दिला, आणि आमचं बिऱ्हाड नांदेडला आलं. याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हे मी मनापासून म्हणते आणि दात आवळून म्हणते, दोन्ही.

आता आबांचं सांगायला हवं. आबा म्हणजे लेचापेचा माणूस नव्हे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी घरातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून दिले. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, अंगात वारं यायचं. ती केस सोडून घुमायची, समोर धूप जळायचा, लिंबं कापली जायची, आणि वाडीतली माणसं हात जोडून तिला विचारायची, माझी म्हैस कुठं गेली, माझ्या सुनेला पोर कधी होणार. आबांनी ते सगळं एका दिवसात बंद केलं. "ह्या घरात आता कुणाच्या अंगात काही येणार न्हाई," ते म्हणाले. "यायचं ते डोक्यात येईल." आत्याचं वारं खरंच थांबलं. आबा ही हकिकत फार अभिमानानं सांगायचे आणि मला त्यांचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

त्याच आबांना सर म्हणाले, "हे पाहा, तुमच्या मुलाच्या ठिकाणी प्रतिभा आहे. ती आणता येत नाही, ती येते. ती यायच्या वेळी घरात शांतता हवी. त्याला कामाला जुंपू नका. नोकरीनं ती मरते." सर स्वतः पंचवीस वर्षं नोकरीत होते आणि दर महिन्याला न चुकता सही करत होते, पण त्यांच्या प्रतिभेला बहुधा त्याची बाधा होत नसावी.

आबांनी मान डोलावली. आणि जे नदीत सोडून आले होते ते सगळं एकेक करून घरात परत आलं. आतली खोली दादाची झाली. तिचं दार लोटलेलं असलं की आम्ही पाय न वाजवता चालायचो. सरांना उदबत्ती आवडायची, म्हणून खोलीत उदबत्ती आली. माय दाराबाहेर तांब्या घेऊन उभी राहायची आणि आबांना हळूच विचारायची, "काय मागतंय ते आज?" आत्याच्या वेळी तिनं हेच विचारलेलं होतं, याच आवाजात. महिन्याच्या त्या दिवसांत मी खोलीच्या उंबऱ्याला शिवायचं नाही, असं मायनं आपलं आपण ठरवून टाकलं. असलं काही पाळणाऱ्या शेजाऱ्यांवर आबा एरवी तुटून पडायचे. आता ते वर्तमानपत्र डोळ्यांपुढं धरून बसले. मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्या ताटात वाढलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, मायनं वाढलं.

आणि प्रतिभा? ती येईना. एक वर्ष गेलं, दोन गेली, सहा गेली. दादा बी.ए. झाला, मी डी.एड. होऊन अर्धापूरच्या शाळेत लागले. दादाला एका कचेरीत कारकुनाची जागा चालून आली, सरांनी ती घेऊ दिली नाही. "एवढ्यात नको. ती उंबऱ्यापर्यंत आली आहे असं मला वाटतं." त्यांना ते कशावरून वाटायचं देव जाणे. दादा आतल्या खोलीत पडून छताकडं बघायचा आणि मी एसटीनं अर्धापूरला जाऊन बाराखडी घोटून यायची. पोरांचे बाप केळीचे घड आणून द्यायचे. त्याचं शिकरण करून मी आत पाठवायची, कारण सरांच्या मते कवीला थंड खाणं मानवतं.

सरांबरोबर नांदेडातले इतर कवीही येऊ लागले. प्रतिभेची वाट बघण्यात प्रत्येकाची वेगळी तऱ्हा. एकजण संध्याकाळी नदीच्या घाटावर जाऊन बसायचा आणि कुणी ओळखीचं बोलायला आलं की दुखावलेला चेहरा करायचा. एकाला पाय गार पाण्यात बुडवल्याशिवाय ओळ सुचत नसे. नळाला एक दिवसाआड पाणी येण्याच्या दिवसांत त्यानं आमच्याकडं येऊन बादली मागितली आणि मायनं दिली. त्यात त्याला जे सुचलं ते मी वाचलं आहे. ती बादली पिण्याच्या पाण्याची होती. या मंडळींत सर्वांत मोठी शिवी म्हणजे 'जुळवाजुळव'. एखाद्याची कविता पाडायची तर तेवढाच एक शब्द पुरायचा. जी लिहिताना कष्ट पडले ती कविताच नव्हे, असा तिथला कायदा होता. हे सगळे लोक घरी बायकोकडून भाजी निवडून, पीठ मळून, पोळ्या लाटून घेत होते आणि जेवल्यावर म्हणत होते, हिच्या हाताला उपजतच चव आहे.

हळूहळू लोक दबक्या आवाजात बोलू लागले. एका कवितेचा कवी. आबा शिपायाच्या खाकी कपड्यांत कॉलेजात चहा नेत असायचे, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी विचारायचं, "काय, दुसरी आली का?" आबा "येईल की साहेब" म्हणायचे. घरी आल्यावर ते आधी आतल्या दाराकडं बघायचे, मग मायकडं. माय मान हलवायची. आमचं सगळं घर त्या दुसऱ्या कवितेच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं. दादाचं लग्न, दादाची नोकरी, आबांची मान, सगळं तिच्यावर अडलेलं. दादा सत्तावीस वर्षांचा झाला होता आणि त्याला कुणी ओझं उचलू देत नव्हतं. तो फुगला होता. त्याचे हात मऊ पडले होते. ते बघून मला रडायला यायचं आणि रडायला आलं की मी आणखी फटकळ बोलायची.

मग लातूर जिल्हा झाला. आमचं मूळ गाव उस्मानाबाद जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात गेलं. लातूरला जल्लोष चालला होता. तिथल्या एका उत्साही मंडळानं कविसंमेलन ठरवलं आणि जबाबदारी सरांवर टाकली. सरांनी जाहीर करून टाकलं, "दुष्काळानं दिलेला कवी नव्या जिल्ह्याला नवी कविता देईल." आम्हाला विचारलं नाही. आबांना कॉलेजातल्या सूचनाफलकावर ते वाचायला मिळालं.

त्यानंतर घरात श्वास घ्यायचीही चोरी झाली. स्टोव्ह परसात गेला. दादाचं जेवण तुटलं. मी दाराच्या फटीतून बघायची तर तो भिंतीकडं तोंड करून बसलेला. एकदा मला वाटलं तो मुद्दाम उपाशी राहून भोवळ आणायला बघतोय. खरं असेल, नसेल. पण मला भीती वाटली.

एका रविवारी आबा सरांच्या घरी गव्हाची पोती उतरवायला गेले होते, कारण सरांच्या प्रतिभेला गहू उचलणं झेपत नसे. माय विहारात गेली होती. अडवायला घरात कुणी नाही म्हणून मी खलबत्ता काढला आणि चटणीसाठी शेंगदाणे कुटायला बसले. राग होताच, ठोके जोरात पडत होते. थोड्या वेळानं बघते तर दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा. मला वाटलं आता ओरडतोय. तो ओरडला नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला आणि त्याचे ओठ हलत होते.

मी थांबले. तो म्हणाला, "थांबू नको."

मी थांबले नाही. दाण्यांचं कूट झालं, कुटाचा गोळा झाला, गोळ्याला तेल सुटलं, तरी कुटत राहिले. 'नव्या जिल्ह्याच्या नकाशावर गाव माझा घावला,' दादा म्हणाला. परत म्हणाला. मग पुढं अडला. मी उठून शाळेतली पाटी आणि पेन्सिल त्याच्यापुढं टाकली आणि पुन्हा बत्ता उचलला.

पुढचे काही रविवार आम्ही तेच केलं. आबा सरांकडं, माय विहारात, आणि आम्ही दोघं चोरासारखे स्वयंपाकघरात. तो लिहायचा, पुसायचा, थुंकी लावून पुन्हा पुसायचा. 'वेशीबाहेर बोट नेलं, नकाशाच फाटला.' मला फाटला आवडलं. त्यानं तोंड वाकडं केलं. "फाटला म्हटलं की लोक हळहळतेत. हळहळायला कामून लावायचं? आपण तिथं न्हाईच, एवढंच सांगायचं." आणि त्यानं लिहिलं,

नव्या जिल्ह्याच्या नकाशावर गाव माझा घावला,
वेशीबाहेर बोट नेलं, नकाशाच संपला.

तो जेवायला लागला होता. चटणी-भाकर मागून घ्यायचा. माझ्याशी भांडायचा, माझे शब्द हसण्यावारी न्यायचा, आणि मी चिडले की त्याला आणखी सुचायचं. दहा वर्षांत मी त्याला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. मला स्वच्छ दिसत होतं की याला कविता लिहिता येते. म्हणजे सुताराला दार करता येतं तशी येते. हे दिसलं तेव्हा आमच्या घरावर, सरांवर, त्या टिपणावर, सगळ्यांवर माझा असा संताप झाला की बत्ता हातातून निसटून पायावर पडायचा राहिला.

शेवटच्या रविवारी एकच ओळ राहिली होती. दादा मांडी घालून बसला होता, बोटांना पेन्सिलीची भुकटी, ओठाला चटणी. मांडीवर पाटी, तिच्यावर अर्ध्या पुसलेल्या ओळींचा चिखल. आणि आबा सरांना घेऊन आले. नवी कविता कुठवर आली ते विचारायला सर स्वतः आले होते. त्यांनी आतली खोली रिकामी पाहिली आणि आवाजाच्या दिशेनं ते स्वयंपाकघरात आले.

सरांनी पाटी उचलली. त्या खाडाखोडीकडं त्यांनी असं पाहिलं, जसं काही ताटात केस निघाला. "हे काय?" ते म्हणाले. "जुळवाजुळव?"

दादानं सरांकडं पाहिलं, मग त्यांच्यामागं उभ्या आबांकडं. आबांचा चेहरा उतरला होता. एका क्षणात त्यांची दहा वर्षं खोटी ठरायला आली होती. दादानं हातातली पेन्सिल माझ्या मांडीवर ठेवली.

"ही लिहून राहिली," तो म्हणाला. "मी नुसतं बघून राहिलो."

सरांचा चेहरा लगेच निवळला. त्यांनी पाटी पुन्हा नीट वाचली, आता प्रेमानं. "अरे वा. मुलीच्या मानानं बरंच आहे की. पण पाहा, प्रयत्न दिसतो. घाम दिसतो. कविता झाली पाहिजे, केलेली नको." त्यांनी पाटी माझ्या हातात दिली.

"ही दादाची हाय," मी म्हणाले. "आईशप्पथ दादाची हाय!"

पण तोवर आबांचा पारा चढला होता. "त्याच्या खोलीबाहेर हे ठोकणं कामून लावलंस? कधीपासून चाललंय? म्हणूनच त्याला येईना! पोरगं परेशान होऊन राहिलंय, अन् तुला चटण्या सुचतेत!" दादा उठून आत गेला आणि दार लोटून घेतलं. आम्ही सगळे गप्प झालो. प्रतिभेला त्रास नको म्हणून.

लातूरला मंडप मोठा होता. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहिलं होतं आणि काही ठिकाणी रंग अजून ओला होता. सरांनी मला सुरुवातीला वाचायला बोलावलं, लोक अजून खुर्च्या शोधत असताना. त्यांनी ते चांगल्या मनानं केलं. मी जाणार नव्हते. पण ती कविता पाटीवर मरू द्यायची मला हिंमत झाली नाही. मी माइकपुढं गेले आणि आधी स्पष्ट म्हणाले, "ही कविता माझी नाही. माझ्या भावाची आहे." मंडपातून "वा, वा!" असा आवाज आला. सर हसत पुढं आले आणि लोकांना म्हणाले, "पाहिलंत? बहिणीची माया!" टाळ्या पडल्या. राहिलेली ओळ तशीच सोडून मी वाचलं. मागच्या बाजूला आमच्या वस्त्यांतली काही माणसं उभी होती, ती 'नकाशाच संपला' या ओळीला एकदम स्तब्ध झाली. पुढच्या रांगेत कुणीतरी पान मागवलं.

शेवटी दादा आला. सर म्हणाले, "नवी कविता अजून वाटेवर आहे, आपण तिची वाट पाहू. पण आज तीच ऐकू या, जी लिहिलेली नाही, झालेली आहे." दादानं डोळे मिटले. त्याची मान हळूहळू डोलायला लागली, मग खांदे. खडी फोडून रस्ता केला. आवाज कुठून तरी खोलातून काढल्यासारखा. लोक तल्लीन झाले होते. पहिल्या रांगेच्या कडेला आबा उभे होते आणि त्यांचे हात जोडलेले होते. आत्यापुढं लोक जोडायचे तसेच. मला बघवेना. मी मंडपाबाहेर जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी सर पाहुण्यांबरोबर जीपमधून नांदेडला निघाले, हारतुरे धरायला आबांना बरोबर घेतलं. आम्ही दोघं बसस्टँडवर आलो. दादानं भजी आणली. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, पण मला राहवलं नाही.

"दादा, तुला ठाव हाय का न्हाई, ती पहिली कशी झाली ते?"

"ठाव हाय की."

"तू जुळवली होतीस. मी शेजारी होते."

"हाव." तो हसला. "आधी घोडं होतं. मग गाडी. तुला गाडी आवडायची."

मी हातातलं भजं कागदावर परत ठेवलं. दहा वर्षं मी त्याला भाबडा समजत आले होते. लोकांनी याच्या डोक्यात भरवलं आणि यानं ते खरं मानलं, असं मानून मी त्याची कीव करत आले होते. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

"मग कामून रे?" माझा आवाज चढला, माणसं बघायला लागली. "दहा वर्षं! एकदा तोंड उघडलं असतं तर!"

"तू तिथं होतीस ना?" तो शांतपणे म्हणाला. "मायनं माझ्यापरीस जास्ती खडी फोडली. तिच्याकडं कुणी बघितलं? सरांनी मला बघितलं ते मी पडलो म्हणून. मोठ्या घरचा माणूस एकेक ओळ सतरांदा खोडतो, तर त्याला साधना म्हणतेत. आपण घाम गाळून काही केलं की त्याला मजुरी म्हणतेत. आपलं आपोआप यावं लागतं, तरच ती प्रतिभा. आबाची नोकरी, नांदेडचं घर, तुझी शाळा, हे सगळं त्या भोवळीवर उभं हाय. खडीवर न्हाई."

माझा राग जागच्या जागी होता, पण तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. सरांनी मला बाळ, गप्प बस म्हटलं होतं तेव्हा मला निदान पुढचं वाक्य तरी ठाऊक होतं.

"अन् दुसरी?" मी विचारलं. "ती कामून माझ्या गळ्यात मारलीस?"

"तुझ्याकडंच राहू दे. चांगली झालीय." त्यानं भज्याचा कागद चुरगाळला. "तुला कोण प्रतिभा म्हणायला बसलंय? तुझा घाम दिसला तर चालतंय."

नांदेडची गाडी लागली. दादानं धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला आणि माझ्यासाठी जागा धरली. तिसरी कविता त्यानं लिहिली नाही.